परकी खिडकी आणि रेवाबाईसाहेबांचा श्वास

श्री. ज्या देवतेने मनुष्यास दोन कान दिले आणि त्यांस पापण्या दिल्या नाहीत, तिला आधी नमस्कार, मग राजास. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी पडू लागली ते समयीची ही हकीकत, जैसी घडली तैसी लिहिली असे. एक राज्य होते. नाव लिहावे तर राज्याचे वकील दारी येतात, म्हणोन नाव लिहिले नाही. राज्य निरोपांचे. कारभार ऐसा, की ज्याने त्याने आपले हातीचे मोबाईलवर राज्याची खिडकी बसवावी, त्या खिडकीस रयत ॲप म्हणे, आणि कोणी कोणास निरोप, छबी अथवा आवाज धाडिला तर राजाचे हरकारे तो क्षणात पोचवीत, आणि वर मोबदला मागत नसत. रयत बहुत खुशी जाहाली आणि जुन्या वाटा टाकून अवघी त्या राज्यात राहावयास गेली. मग दूधवाला तेथे, सोसायटीचे सेक्रेटरी तेथे, नणंदा-जावा तेथे, आणि बारशाचे आमंत्रण, तेराव्याचा निरोप, पाण्याचा टँकर आल्याची खबर, सर्व तेथेच. अवघे आत आले ऐसे पाहून मग राज्याने दरवाजे लाविले आणि हुकूम काढिला जे, निरोप जरी तुमचा तरी तो वाचावा आमचे खिडकीतून आणि ऐकावा आमचे खिडकीतून. कोणी कारागिराने केलेली परकी खिडकी बसवील त्यास हद्दपार. आणि राज्याबाहेरचे माणसास येथून निरोप जाणार नाही. कोणी विचारिले, ऐसे का, तर उत्तर आले जे, तुमचेच सुरक्षेकरिता. रयतेने 'मान्य' या शब्दावर बोट ठेविले, कारण अटी लांब होत्या आणि दूध गॅसवर होते.

या राज्यात शाल्मलीबाई म्हणोन एक लेकुरवाळी, शिकलेली, कचेरीत हिशेबतपासणीचे कामास. यजमान हेरंबराव, सासूबाई वत्सलाबाई, आणि कन्या चिरंजीव रेवाबाईसाहेब, वय अडीच वर्षे, स्वारी नाजूक पण मर्जी कडक, वरणभातास तूप नसेल तर ताट फिरवून देणार. रेवाबाईसाहेबांस श्वासाचा विकार. थंडी पडली की छातीत बारीक शीळ वाजे, आणि शीळ वाढली की श्वासाच्या वाटा आवळून येत. वैद्य शिरोडकर यांणी बाईंस शिकविले होते, की रोज दुपारी, मूल जेवून निजले म्हणजे, पाठीशी कान लावून ऐकावे, शीळ बारीक असेल तर तोंडास नळा लावून पंप द्यावा, आणि मोठी असेल तर माझेकडे यावे, वाट पाहू नये. पण दुपारी बाई कचेरीत आणि बाईसाहेब इंदूमावशी मोहिते यांचे पाळणाघरात. वत्सलाबाईंचे गुडघे गेलेले, अडीच वर्षांच्या स्वारीमागे धावणे त्यांस होत नसे. आणि इंदूमावशी प्रेमळ, परंतु वर्षानुवर्षे पोरांचे रडणे ऐकून त्यांचे कान मंद जाहालेले, शेजारचा कुकर ऐकू येत नसे, तेथे शीळ कोठून येणार. मग बाई व मावशी दोघींनी मसलत करोन ऐसी रीत घातली, की मावशींनी निजलेल्या मुलीचे खांद्याखाली मोबाईल धरावा, श्वास भरून घ्यावा आणि तो राज्याचे हरकाऱ्यांहाती शाल्मलीबाईंस व हेरंबरावांस धाडावा, आणि बाईंनी कचेरीत कानात वायरी घालून ऐकावे आणि उलट लिहावे, "झोपू द्या," किंवा "पंप द्या," किंवा "मी निघाले." पंप मुलीच्या झोळीत असे. येणेप्रमाणे दोन हिवाळे निभावले. कचेरीत लोक म्हणत, बाई दुपारी गाणी ऐकतात. बाई म्हणत, हो.

तो मार्गशीर्षात राज्याने नवी खिडकी काढिली आणि दवंडी पिटली जे, आता आम्ही रयतेचा आवाज धुऊन देऊ. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे भोंगे, मागला सर्व गोंगाट काढून टाकू आणि मनुष्याची वाणी तेवढी ऐकवू. खिडकी आपोआप बदलली, कोणास विचारिले नाही. त्या दुपारी शाल्मलीबाईंनी वायरी कानात घातल्या तो काय, शीळ नाही. दुसरे दिवशी नाही. तिसरे दिवशीही नाही. बाईंचे डोळे भरोन आले आणि त्यांणी घरी येऊन वत्सलाबाईंस वर्तमान सांगितले. वत्सलाबाईंनी देवीस खणानारळाची ओटी बोलली होती, त्या म्हणाल्या, पावली, आता उशीर नको. मग सर्व मंडळी रिक्षाने देवळास गेली, ओटी भरली, रेवाबाईसाहेबांनी खोबऱ्याचा तुकडा स्वहस्ते स्वीकारून निम्मा पुजाऱ्यास परत केला, आणि घरी आल्यावर पंप झोळीतून काढून कपाटाचे वरले फळीवर ठेविला. वत्सलाबाईंनी गावच्या जावेस निरोप धाडिला जे, नात खडखडीत बरी आहे. राज्याचे हरकाऱ्यांनी तोही तत्काळ पोचविला.

पुढे रविवारी, मूल घरी निजले असता, बाईंनी सवयीने पाठीशी कान लाविला. शीळ वाजत होती. दाराचे फटीतून वारा यावा तैसी, बारीक पण अखंड. बाईंनी मोबाईल धरून श्वास भरून घेतला, हेरंबरावांस धाडिला आणि त्यांचे खिडकीतून ऐकिला, तो शांत. पुन्हा पाठीशी कान, तो शीळ. पुन्हा खिडकी, तो शांत. मग बाईंचे ध्यानात आले, की राज्याचे धुलाईत मुलीचा श्वास गोंगाटात धरिला जातो आणि पंख्याबरोबर, भोंग्यांबरोबर झाडून टाकिला जातो. कारण श्वास ही वाणी नव्हे, त्यात शब्द नाहीत. आधी फळीवरचा पंप काढून मुलीस दिला. ती धुलाई बंद करावयाची कळ खिडकीत कोठे आहे म्हणोन त्यांणी सर्व दालने, पोटदालने धुंडिली, कळ ठेविलीच नव्हती. मग पंप पुन्हा झोळीत घातला आणि राज्याकडे अर्ज केला, सविस्तर, नम्र, आणि पुरावा म्हणोन श्वास जोडिला. राज्याचे तक्रारदालनात एक कारकून असे, त्यास देह नाही, झोप नाही, आणि वाणी अति गोड. त्याने श्वास आपले खिडकीतून ऐकिला आणि उलट लिहिले, "आपण पाठवलेल्या आवाजात कोणतीही शीळ आढळली नाही. सेवा व्यवस्थित चालू आहे. आपल्याला आमची मदत कशी वाटली ते ताऱ्यांनी कळवा." बाईंनी पुन्हा लिहिले जे, शीळ आढळली नाही हीच तक्रार आहे. कारकुनाने पुन्हा ऐकिले आणि पुन्हा तेच लिहिले, तारे या वेळी मोठे होते.

मग बाईंनी कुमक मागितली. कॉलेजातील जुनी सोबतीण यास्मीन मुजावर, कोल्हापुरास राहोन संगणकाचे काम करी. तिणे आपले वडिलांकरिता खासी खिडकी केली होती, कारण वडिलांची नजर अधू आणि राज्याचे खिडकीतली अक्षरे एका मापापलीकडे मोठी होत नसत. आणि हरकारे तेच, निरोप तेच, फक्त पाहणे आपले. बाईंनी फोन करोन सर्व वर्तमान सांगितले. यास्मीन म्हणाली, "शालू, मी आवाज धूत नाही. जसा येतो तसा देते, पंख्यासकट. अब्बा तर म्हणतात, तुझ्या खिडकीत फार कलकल आहे. पण एक आधीच सांगते, त्यांना कळलं तर ते तुला काढतील."

"काढू देत."

"आत्ता म्हणतेस."

ऐसे बोलणे होऊन परकी खिडकी शाल्मलीबाईंचे मोबाईलवर बसली. सोमवारी दुपारी श्वास आला, तो पंखा आला, पाटा-वरवंट्याचा आवाज आला, कोणा पोराची उचकी आली, आणि या सर्वांचे मागे, स्पष्ट, रेवाबाईसाहेबांची शीळ आली. बाईंनी लिहिले, "पंप द्या." आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या.

पण राज्याचे पहारे कडक. प्रत्येक खिडकीवर गुप्त शिक्का असे, तो पहारेकरी तपाशीत. यास्मीनने शिक्क्याची नक्कल कोरिली होती, राज्याने शिक्का बदलिला. तिणे तो कोरिला, यांणी पुन्हा बदलिला. ती रागे रागे पुन्हा कोरी आणि फोनवर हसत सांगे, की आपल्या दोघींपायी त्यांच्या केवढ्या फौजा जाग्या आहेत बघ. या धामधुमीत एके दिवशी नक्कल उघड पडली आणि शाल्मलीबाईंस ताकीद आली जे, परकी खिडकी वापरिता, हा राज्याशी द्रोह आहे, पुन्हा सापडल्यास कायमचे हद्दपार. घरी दरबार भरला, म्हणजे जेवणाचे टेबल. वत्सलाबाईंचे म्हणणे पडले, की सगळे जग त्याच खिडकीतून पाहते, कोणाचे काही अडत नाही, हिलाच काय ती निराळी खिडकी, आणि तिकडच्या नातलगांच्या मंडळींत उद्या नाव नाही दिसले तर लोक काय समजतील. बाई म्हणाल्या, समजू देत. हेरंबराव स्वभावे सौम्य, त्यांणी आवाज चढविला नाही, पण जे बोलिले ते खरे होते. "अगं, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण उद्या तुला काढलं, तर मावशी रेवाचं कळवणार कुठे? माझ्याकडे येतं ते मी संध्याकाळीच बघतो. शीळ ऐकू येणं राहू दे, निरोपच येणार नाही."  मावशी फोन उचलीत नसत ऐसे नाही, परंतु फोनवरून श्वास ऐकावा तर फोनही मागला आवाज गाळून देई, तो प्रयोग बाईंनी करोन पाहिला होता. मग बाईंनी मन मारून परकी खिडकी बंद केली, काढिली मात्र नाही, आणि इंदूमावशींस शिकविले, की दुपारी झबले वर करोन पाहावे, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का. मावशी म्हणाल्या, बघते ना, बघायला काय, डोळे शाबूत आहेत. राज्याचा येथे जय जाहाला ऐसे म्हणावे लागते.

पौषाची थंडी पडली. त्या दिवशी कचेरीत वरिष्ठ तांबेसाहेब भिंतीवर आलेख दाखवून पुढल्या तिमाहीचे मनसुबे सांगत होते आणि शाल्मलीबाई मागले रांगेत बसल्या होत्या. दुपारचा निरोप आला. मावशींनी लिहिले होते, "शांत झोपलीय. आज किरकिर पण नाही केली. गोधडीत आहे म्हणून उघडी नाही केली, गारठा फार आहे." सोबत श्वास. बाईंनी वायरी कानात घातल्या आणि राज्याचे खिडकीतून ऐकिले. शांत. निर्मळ, धुतलेली, इस्त्री केलेली शांतता. बाईंनी पुन्हा ऐकिले. रेवाबाईसाहेब जेवून किरकिर केल्याविना निजल्या, हे बाईंस अडीच वर्षांत ठाऊक नव्हते. समोर परकी खिडकी मिटलेली, आणि ती उघडली तर हद्दपारी, आणि हद्दपारी म्हणजे उद्यापासून दुपारी मुलीची खबर नाही. तांबेसाहेबांनी विचारिले, बाई, आपले काय मत. बाईंनी अंगठा ठेविला आणि परकी खिडकी उघडली.

पंखा नव्हता, थंडी होती. दूर कोणी पोर बडबडगीत म्हणत होते. आणि श्वास. पूर्वीची शीळ नव्हे. तुटक, उथळ, मध्येच वर ओढलेली, मध्येच नाहीशी होणारी. बाई उठल्या, खुर्ची मागे पडली, तेथेच उभ्या राहून फोन लाविला आणि बोलिल्या, "मावशी, तिला उठवा. आत्ता. बसतं करा, झोळीतला पंप द्या, मी सांगितलाय तसा. रडली तर रडू दे. मी निघाले." मग रिक्षा करोन निघाल्या आणि वाटेत वैद्यांस कळविले. पाळणाघरी पोचल्या तो मावशी मुलीस मांडीवर उभी धरून बसलेल्या, पंप दिलेला, मुलीचे ओठ फिके, बरगड्यांखाली खळगे पडत होते, आणि मावशींच्या डोळ्यांना धार. "गोधडी काढायला हवी होती गं मी." बाईंनी त्यांचे खांद्यावर हात ठेविला, बोलावयास वेळ नव्हता. शिरोडकरांचे दवाखान्यात मुखवटा चढविला, वाफ दिली, प्राणवायू दिला, आणि वैद्य पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग मान वर करोन म्हणाले, "शीळ ऐकू येते तोवर मला बरं वाटतं. छाती अगदी शांत झाली की मी घाबरतो. झोपेतच दमली असती. बरं झालं, आलात."

मुखवट्याआड रेवाबाईसाहेबांचे गालांवर रंग येत होता आणि त्या वैद्यांचे खिशातल्या पेनावर हक्क सांगत होत्या, तेच समयी शाल्मलीबाईंचे मोबाईलवर फर्मान आले जे, आपणांस राज्यातून कायमचे हद्दपार केले आहे. बाईंनी वाचिले आणि मोबाईल उलटा ठेविला. संध्याकाळी हेरंबराव आले, मागोमाग गुडघे धरीत जिना चढून वत्सलाबाई आल्या. हद्दपारीचे ऐकून वत्सलाबाई बोलणार होत्या, पण सूनबाईंनी दोन्ही मोबाईल पुढे केले. हेरंबरावांचे मोबाईलवर राज्याची खिडकी, तीत दुपारचा श्वास. बाईंचे मोबाईलवर परकी खिडकी, तिणे हद्दपारीपूर्वी तोच श्वास आपलेपाशी उतरवून ठेविला होता. वत्सलाबाईंनी आधी लेकाचा कानाशी धरिला, मग सुनेचा. मग पुन्हा लेकाचा. मग मोबाईल खाली ठेविला आणि म्हणाल्या, "हेरंब, तुझ्या खिडकीत तर पोरगी गप्पच झालीय रे." पुन्हा म्हणाल्या, "आणि आपण ओटी भरून आलो." पुढे त्यांणी नाव दिसण्या-न-दिसण्याचा विषय या घरात काढिला नाही.

दुसरे दिवशी देह नसलेल्या कारकुनाचा खलिता ईमेलाने आला, की राज्य उदार आहे. परकी खिडकी टाकिली ऐसे कबूल करोन खालील चौकटीत खूण करावी, हद्दपारी रद्द होईल. खाली कारण लिहावयास लहानशी जागा होती. हेरंबरावांनी या वेळी सल्ला दिला नाही, चहा करोन आणिला आणि शेजारी बसले. बाईंनी खूण केली नाही. त्या जागेत लिहिले, "तुमच्या खिडकीत माझी मुलगी बरी आहे. माझ्या घरात ती आजारी आहे. मी माझ्या घरात राहते." आणि धाडिले. उत्तर आले नाही, ताऱ्यांचीही विचारणा जाहाली नाही.

आता मुलीची खबर कैसी यावी, हा प्रश्न राहिला. तेव्हा हेरंबरावांसच सुचले, की कारकुनाचा खलिता ज्या वाटेने आला ती ईमेलाची जुनी वाट अजून वाहती आहे. ती कोणा एका राजाची नव्हे, तीवरचा निरोप हव्या त्या खिडकीतून वाचावा, आणि त्या वाटेवर आवाज धाडिला तर जैसा निघाला तैसा पोचतो. त्यांणी पाळणाघरी जाऊन इंदूमावशींचे मोबाईलवर ती वाट मांडून दिली आणि आवाज भरून घेण्याचे साधे यंत्र बसविले. मावशींनी शिकून घेतले आणि संध्याकाळी मुले न्यावयास आलेल्या सर्व मातापित्यांस दारातच सांगितले जे, पाळणाघराचे निरोप उद्यापासून या वाटेने येतील, राज्याचे खिडकीतही हवे असतील तर तेथेही धाडीन, पण पोराच्या जिवाचे असेल ते आधी येथे. एक गृहस्थ म्हणाले, मावशी, त्यांना कळलं तर तुम्हालाही काढतील. मावशी म्हणाल्या, "राजाला माझं पाळणाघर बंद करायचं असेल तर त्यानं खुशाल यावं. आधी या तिघांचे लंगोट बदलावेत, मग बोलू." काही मंडळी त्या वाटेने आली. काही म्हणाली, दोन दोन ठिकाणी कोण पाहणार, आणि आली नाहीत. एका आईने यास्मीनची खिडकी मागून घेतली, तिलाही काढिले, आणि ती हसत हसत ईमेलात दाखल जाहाली. यास्मीनने नवा शिक्का कोरिला आणि खिडकी कोणासही घेता यावी म्हणोन उघड्यावर ठेविली.

एकंदर तात्पर्य येणेप्रमाणे. राज्याचे काही बिघडले नाही, रयत उदंड आहे आणि रोज वाढते. शाल्मलीबाईंस चुलत नणंदेचा साखरपुडा दुसऱ्यांकडून कळला, पाण्याचा टँकर दोन वेळा चुकला, आणि त्या शिष्ट आहेत ऐसी बोलवा मंडळींत उठली, ती त्यांणी खोडून काढिली नाही. क्षमेचा खलिता आणखी एकदा आला, चौकट रिकामी राहिली. आज दुपारी श्वास आला, तो झाडूचा आवाज आला, गल्लीत भंगारवाला ओरडला, नळ गळत होता, आणि मावशी कोणास तरी दटावीत होत्या. शीळ नव्हती. श्वास संथ चालला होता. ती शांतता बाईंनी खरी मानिली, कारण बाकी अवघे ऐकू येत होते.